महाले सरांची चूक

महाले सर कोणाच्याही घरी गेले की खुर्ची नाकारायचे. सुरतेतल्या नवागामच्या गल्ल्यांमध्ये दहा बाय दहाच्या खोलीतही प्लास्टिकची एक खुर्ची असतेच. पाहुणा आला की ती कोपऱ्यातून ओढून काढतात, पदराने पुसतात, आणि पाहुणा तिच्यावर बसला नाही तर घरच्यांना वाईट वाटतं. सरांना हे सगळं माहीत होतं. तरी ते काखेतलं वर्तमानपत्र उंबऱ्याशी पसरायचे, त्यावर मांडी घालायचे आणि म्हणायचे, "आठे हवा चांगली शे." हवा कसली डोंबलाची, समोर उघडी गटार! पण सर अहिराणीत बोलले की घरातली म्हातारी हसायची, तिचा मुलगा खांद्यावरचा टॉवेल काढून खाली बसायचा, आणि ज्या माणसाने आदल्या दिवशी मला चार शब्दांत वाटेला लावलं होतं तो सरांना आपल्या साक्रीच्या शेतातल्या विहिरीपासून सगळं सांगत सुटायचा.

मी त्यांची विद्यार्थिनी. समाजशास्त्र हा विषय मी काही आवडीने घेतला नव्हता. बारावीला गुण कमी पडले, आणि आमच्या कॉलेजात ज्याला दुसरीकडे प्रवेश मिळत नसे त्याला समाजशास्त्र मिळत असे. पहिल्याच तासाला सरांनी आम्हा पोरापोरींकडे अशा नजरेने पाहिलं की हे गुपित त्यांना ठाऊक आहे हे आम्हाला कळलं. पाच फूट चार इंच उंची, बुशशर्ट नेहमी पँटच्या बाहेर, केसांना तेल. वर्गात गुजराती बोलायचे ते भल्याभल्या सुरतींना लाजवेल असं. फोनवर बायकोशी अहिराणी, पत्रव्यवहार शुद्ध मराठीत, आणि राग आला की हिंदी. हिंदी सुरू झाली की आम्ही वह्या मिटून गप्प बसायचो.

राग बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून यायचा. सरकारी योजनांचं सर्वेक्षण कॉलेजकडे आलं की सर आम्हाला फॉर्म देऊन वस्त्यांमध्ये पाठवत. परत आल्यावर कोणी 'लाभार्थी' हा शब्द लिहिला असेल तर तो खोडायला लावत आणि माणसाचं नाव लिहायला लावत. "अरे, उसका नाम नहीं है क्या? माँ-बाप ने रखा होगा ना कुछ?" आणि दुसरा त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "किती वाजता गेला होतात?"

या प्रश्नात मी पहिल्याच महिन्यात सापडले. लिंबायतमधल्या एका गल्लीचे फॉर्म भरून आणले आणि मोठ्या ऐटीत सांगितलं की सर, इथले निम्मे पुरुष बेकार आहेत, घरात झोपून असतात.

"किती वाजता गेली होतीस?"

"अकराला."

"दुपारच्या की सकाळच्या?"

"सर, अकरा सकाळचेच असतात."

"मग रात्रभर लूम चालवून सात वाजता घरी आलेला माणूस सकाळी अकराला काय करेल? गरबा खेळेल?"

वर्ग हसला. माझे वडील तेव्हा महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी करत होते. मी रोज कॉलेजला निघताना ते झोपलेलेच असायचे, आणि त्यांना मी कधी बेकार म्हटलं नसतं. दुसऱ्यांच्या खोलीत शिरल्यावर मात्र माझी अक्कल चपलांसोबत बाहेर राहिली. तो सगळा गठ्ठा मी पुन्हा भरून आणला. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात वेळ लिहायची सवय मला लागली, ती आजही सुटत नाही. भाजीच्या यादीवरसुद्धा लिहिते.

असा हा माणूस. त्याच्या हातून चूक होईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

त्या वर्षी नवागामच्या एका गल्लीतल्या बायकांनी सरांना गाठलं. त्यांची पुढारी मंगलताई नावाची एक बाई, आवाज खणखणीत, कडेवर दोन वर्षांची पोर. तिचं म्हणणं साधं होतं. गल्लीत लहान मुलं सांभाळायला पाळणाघर पाहिजे. सरकारची तशी योजना आहे असं तिने कुठून तरी ऐकलं होतं. सर तिच्या खोलीवर गेले, मीही मागोमाग. खाटेच्या पायाला जुन्या साडीचा एक पट्टा बांधलेला होता. त्याचं दुसरं टोक पोरीच्या कमरेला. दिवसभर तिला तसंच ठेवायचं. पट्टा सोडला तर ती सुई घेते, कात्री घेते, गोंदाच्या डबीत हात घालते. कारण सगळ्या खोलीभर साड्या. कापड मार्केटमधून रिक्षाने पोटली येतात, या बायका साडीवर एकेक स्टोन चिकटवतात, लोंबणारे धागे कापतात, घड्या घालतात आणि संध्याकाळी पोटली परत जातात.

सरांनी त्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पोरीला विचारलं, "नाव काय तुनं?" पोरीने पट्टा तोंडात घातला.

अर्ज सरांनी स्वतः लिहिला. गल्लीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि आम्ही दोघं ही योजना चालवणाऱ्या खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकारी बाई तरुण होत्या. मी मनातून तयारी करून गेले होते की ह्या टाळाटाळ करणार, उद्या या म्हणणार. त्यांनी तसलं काही केलं नाही. अर्ज नीट वाचला, चहा मागवला, आणि म्हणाल्या की नियमाप्रमाणे पाळणाघर कामगार आयांच्या मुलांसाठी असतं. या वस्त्यांमधल्या स्त्रिया तर जवळजवळ सगळ्या गृहिणी आहेत.

"असं कोण म्हणतं?" सरांनी विचारलं.

बाईंनी मागच्या कपाटातून हिरव्या कव्हरचं एक पुस्तक काढलं, खुणेच्या पानावर उघडलं आणि सरांसमोर ठेवलं. "सर, आ तमारो ज रिपोर्ट छे ने?"

सरांचाच होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी खात्याने त्यांच्याकडून पूर्व सुरतेतल्या कामगार वस्त्यांचा अभ्यास करून घेतला होता. त्या कामाने सरांचं नाव झालं. वर्गात आम्हाला ते पुस्तक वाचायला होतं, आणि मी त्यातले उतारेच्या उतारे परीक्षेत उतरवले होते. त्या पानावर एक तक्ता होता. व्यवसाय: गृहिणी. त्या रकान्यातला आकडा इतका मोठा की बाकीचे रकाने पोरके दिसत होते.

सर तक्त्याकडे बघत राहिले. त्यांनी चहा घेतला नाही. निघताना बाईंना नमस्कार केला आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं.

पर्वत पाटियाच्या सिग्नलला त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. खमणाच्या हातगाडीपाशी आम्ही उभे राहिलो. सरांनी एक प्लेट सांगितली, ती माझ्या हातात दिली आणि बोलायला लागले.

"माझी आई कांड्या भरायची, कल्पना. लूमच्या शटलमध्ये सुताची कांडी बसवतात ना, त्या. खोलीत एक छोटा चरखा होता. पहाटेपासून त्याचा आवाज. मी त्या कांड्यांच्या ढिगाशेजारी बसून एस.एस.सी. झालो. आणि नोकरीच्या पहिल्या फॉर्मवर आईचा व्यवसाय काय लिहिला असेल मी?"

मला उत्तर माहीत होतं.

"त्या रिपोर्टचा फॉर्मही मीच बनवला होता. 'तुम्ही काय काम करता?' असा प्रश्न. आपल्या बाया काय सांगणार? काम म्हणजे कारखान्यात जातात ते. घरात बसून करतात ते काम नाही. त्या म्हणाल्या, काही नाही. मी लिहिलं, काही नाही. आणि सरकारने वाचलं, काही नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही. मला त्यांची इतकी दया आली, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की मी चटकन एक मूर्खपणाचा उपाय सुचवला. म्हटलं, सर, त्यात काय, आपण नवे फॉर्म भरू आणि सगळ्या बायकांपुढे 'कामगार' लिहून देऊ. कोण तपासायला येतंय?

झालं. हिंदी सुरू. "झूठ लिखेंगे? सच को साबित करने के लिए झूठ लिखेंगे?" खमणवाला हातातला झारा थांबवून आमच्याकडे बघायला लागला. सर ओरडले ते मला, पण मला वाटतं त्यांना स्वतःवरच ओरडायचं होतं आणि मी जवळ सापडले.

पुढचे दोन दिवस ते कॉलेजला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते एक नवा फॉर्म घेऊन. त्यावर जुना प्रश्न नव्हताच. त्याच्या जागी एवढंच होतं: काल नळाला पाणी आल्यापासून दिवे लागेपर्यंत काय काय केलं, ते क्रमाने सांगा.

आम्ही दहा जणी निवडल्या गेलो. सरांची ताकीद अशी की बाई काय बोलते ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आपली अक्कल मध्ये आणायची नाही, आणि वेळ लिहायची. पहिली मुलाखत त्यांनी स्वतः घेऊन दाखवली, मंगलताईच्या शेजारणीची. सरांनी वर्तमानपत्र पसरलं. आधी मुद्दाम जुनाच प्रश्न विचारला.

"ताई, काय काम करतस तुम्ही?"

"काहीच नई, भाऊ. घरमाच ऱ्हास मी."

आतून नवऱ्याने दुजोरा दिला, "ती काही करत नाही, सर. मी लूमवर आहे, माझं लिहा."

"बरं. ताई, काल नळले पाणी कितला वाजता उनं?"

"पाच वाजता."

"मंग?"

"मंग पाणी भरं, सयपाक करा, यासना डबा भरा."

"मंग?"

"मंग साड्या."

"कितल्या येळ?"

ती बाई हिशेब लावायला थांबली. बोटांवर मोजलं, छताकडे पाहिलं. "दुपारले पोऱ्यासले जेवाले दिधं तेवढंच उठनू. बाकी दिवा लावाना टाइमलोंग साड्याच." आणि हे सांगता सांगता तिचा आवाज बदलला. ती स्वतःशीच म्हणाली, "बाप रे." नवरा आतून बाहेर आला आणि दारात उभा राहिला.

सगळंच इतकं सोपं गेलं असं नाही. काही बायकांनी दार लावून घेतलं. एकीने मला रोखठोक विचारलं, तुम्ही हे लिहिलं आणि पोटली पाठवणाऱ्या शेठला कळलं तर माझ्या साड्या बंद होतील, मग पाळणाघरात पोर ठेवून मी काय करू? मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, तुमचं म्हणणं बरोबर आहे. शेठचं नाव कुठेच लिहायचं नाही असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, आधीच्या कागदांवरची नावं तिच्यासमोर खोडली, आणि तरीही तिने नाही म्हटलं तेव्हा तिचा फॉर्म कोरा ठेवला. कोरे फॉर्मही त्यांनी गठ्ठ्यात जोडले, वर वेळ लिहून.

माझ्या आईचा फॉर्म मीच भरला. माझी आईही साड्यांवर स्टोन लावते आणि सरांच्या पहिल्या तासाला 'आई काय करते' या प्रश्नावर मी हात वर करून 'हाउसवाइफ' म्हणाले होते, हे इथे कबूल करून टाकते. आईने सगळा दिवस सांगितला, आणि मग म्हणाली, "हे लिहून घ्यायला सरकारला एवढी वर्षं लागली का गं?" मी म्हटलं, सरकारला नाही, मला.

गठ्ठा घेऊन आम्ही पुन्हा कार्यालयात गेलो. सर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलं होतं. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने त्यांना समजावलं होतं की महालेभाई, नवा अभ्यास द्या, जुन्याबद्दल तोंड उघडू नका, काळ बदलला असं म्हणा. ती सोय खरंच होती. परिस्थिती बदलली म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. अधिकारी बाईंनीच ती वाट काढून दिली. म्हणाल्या, पंधरा वर्षांत बायका कामाला लागल्या असतील, नाही का सर?

"नाही," सर म्हणाले. "तेव्हाही करत होत्या. माझा प्रश्न चुकला. हा रिपोर्ट चुकीचा आहे."

बाईंनी जे विचारायला नको होतं नेमकं तेच विचारलं, आणि त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. "मग सर, हा नवा रिपोर्टसुद्धा चुकीचा असू शकेल?"

"असू शकेल. म्हणून यात काय विचारलं, कोणाला, किती वाजता, कोण शेजारी बसलं होतं, सगळं लिहिलंय. चुकला तर तुम्हाला लवकर सापडेल. जुन्यात मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं." मग ते म्हणाले, "आणि बेन, कागदावर विश्वास ठेवू नका. एकदा सकाळी अकरा वाजता माझ्याबरोबर या."

बाई आल्या. जीपने नाही, रिक्षाने आल्या, याचं मला अजून कौतुक वाटतं. मंगलताईने खुर्ची पुढे केली. बाईंनी सरांकडे पाहिलं, सरांनी वर्तमानपत्राचा अर्धा भाग त्यांच्याकडे सरकवला, आणि सरकारच्या एक अधिकारी बाई नवागामच्या उंबऱ्याशी इस्त्रीच्या ड्रेससकट खाली बसल्या. त्यांनी मंगलताईला गुजरातीत विचारलं, "शुं काम करो छो, बेन?"

"कंई नहीं, बेन," मंगलताई म्हणाली. "घरे ज छुं."

हे म्हणताना तिचे हात थांबले नव्हते. डाव्या हाताने साडीचा पदर ताणून धरलेला, उजव्या हातात गोंदाची काडी, आणि एकेक स्टोन जागेवर बसत होता. नजरही वर नाही. बाई त्या हातांकडे बघत राहिल्या. मग खाटेच्या पायाकडे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मी कशीबशी जीभ चावून बसले. शेवटी मंगलताईलाच काहीतरी उमगलं. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि खळखळून हसली. "लो!" ती म्हणाली. "हे काय मग?"

पाळणाघर मंजूर झालं ते सहा महिन्यांसाठी, प्रायोगिक म्हणून, समाजाची लग्नकार्यं होतात त्या वाडीतल्या एका हॉलमध्ये. पहिल्या आठवड्यात सतरंज्या आल्या नाहीत, दुसऱ्या आठवड्यात सांभाळणारी बाई तापाने पडली, आणि वेळ सरकारी पद्धतीने दहा ते एक ठेवली होती ती कोणाच्याच उपयोगाची नव्हती. मंगलताई आणि चार जणी स्वतः कार्यालयात गेल्या आणि वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा करून आल्या. या वेळी त्यांना सरांची गरज लागली नाही. सर यावर इतके खूश झाले की त्यांनी सबंध वर्गाला लोचो खाऊ घातला, आणि जे सहा महिन्यांचं होतं ते अजून चालू आहे. खात्याच्या फॉर्ममध्येही आता नळाच्या पाण्यापासून सुरू होणारा तो प्रश्न आहे. कोणी घातला म्हणून कुठे लिहिलेलं नाही, आणि सरांनीही कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर सर साक्रीकडे, गावी राहायला गेले. जायच्या आधी त्यांचा मला फोन आला, एक काम आहे, बरोबर येतेस का. मला वाटलं सामान बांधायचं असेल. ते मला कॉलेजच्या ग्रंथालयात घेऊन गेले. तिथे त्या हिरव्या पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. सरांनी प्रत्येक प्रत उघडली, तक्त्याच्या पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलं की या तक्त्यातला गृहिणींचा आकडा चुकीच्या प्रश्नातून आला आहे, नवा अभ्यास पाहावा, आणि खाली पूर्ण सही केली. तिथून आम्ही विद्यापीठात गेलो. तिथून खात्याच्या कार्यालयात. उन्हाचे दिवस, सर घामाने भिजलेले, स्कूटर दोनदा बंद पडली. मी म्हटलं, सर, हे पुस्तक आता कोण वाचतंय? ते म्हणाले, "तू वाचलं होतंस. परीक्षेत उतरवलं होतंस. तपासलं मीच, आणि पूर्ण गुण दिले."

कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये एक वयस्कर कारकून होते. सरांनी पुस्तक मागितलं, त्यांनी शिडीवर चढून काढून दिलं. सरांनी पान उघडून पेन टेकवलं आणि ते कारकून जागचे उठले.

"साहेब, साहेब! सरकारी चोपडीमां लखाय नहीं."

"मारी लखेली छे, भाई."

"तमारी हशे. हवे सरकारनी छे."

सरांनी पेन उचललं. मला वाटलं आता हिंदी सुरू होणार. पण सर अगदी अजिजीने, एखाद्या दुकानात सुटे पैसे मागावेत तशा आवाजात म्हणाले, "चोपडी सरकारनी. भूल तो मारी छे ने?"

कारकुनांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या, आपली खुर्ची ओढून सरांच्या मागे ठेवली आणि खिडकी उघडली, उजेड यावा म्हणून. सर बसले, आणि वाकून, सावकाश, लिहायला लागले.